फुटलेला सायलेन्सर : टाका मारायचा की बदलायचा?

शारदीय नवरात्र आणि त्यानंतरची अश्विनी पौर्णिमा या काळात तुळजापूरकडे येणारे सारे रस्ते वाहनांनी भरून जातात. सोलापूर, लातूर, बार्शी या बाजूंनी, तसेच कर्नाटक आणि तेलंगणातून भाविक सहकुटुंब देवीच्या दर्शनाला येतात. त्यांच्या वाहनांत दहा-पंधरा, कधी वीस वर्षे वापरलेल्या मोटारीही असतात. दर्शनाला उशीर झाला, की मुले आणि वृद्ध मंडळी गाडीतच डोळा लागू देतात. उकाडा जाणवू नये म्हणून इंजिन चालू ठेवून एसी लावला जातो आणि काचा बंद केल्या जातात. गाडी उत्तम स्थितीत असली तरी ही सवय चांगली नाही. सायलेन्सर फुटलेला असेल, तर ती जीवघेणी ठरू शकते.

सायलेन्सर फुटला की गाडीचा आवाज वाढतो, एवढेच बहुतेक वाहनधारकांना ठाऊक असते. गाडी चालते आहे, मग पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी पाहू, असे म्हणून काम लांबणीवर पडते. प्रत्यक्षात या दुरुस्तीत आवाज हा दुय्यम प्रश्न आहे. इंजिनातून निघणारा विषारी वायू प्रवाशांपासून दूर, गाडीच्या मागे नेऊन सोडणे हे या नळीचे पहिले काम. त्यामुळे भोक केवढे आहे याच्याइतकेच ते कोठे पडले आहे, यालाही महत्त्व आहे. टाका मारून भागेल की भाग बदलावा लागेल, हे त्यावरूनच ठरते.

धुराची वाट

बोलीभाषेत ज्याला सरसकट सायलेन्सर म्हणतात, ती प्रत्यक्षात अनेक भागांची साखळी असते. इंजिनाला लागून असतो तो ओतीव लोखंडाचा किंवा पोलादाचा मॅनिफोल्ड. इंजिन आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता सोसणारे पॅकिंग असते. त्यानंतर पुढची नळी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काही गाड्यांत मधला लहान डबा, मग मुख्य सायलेन्सरचा डबा आणि शेवटी धूर बाहेर सोडणारी शेपटी, असा क्रम असतो. ही सारी साखळी गाडीच्या तळाला रबरी कड्यांनी टांगलेली असते. इंजिनाची थरथर आणि रस्त्याचे हादरे ही रबरे सोसतात.

इंजिनावर ताण असताना पेट्रोल मोटारीच्या मॅनिफोल्डजवळचे तापमान ६०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. शेपटीपर्यंत पोहोचताना धूर बराच निवतो. म्हणूनच पुढच्या भागात तडे जाण्याचे आणि पॅकिंग जळण्याचे प्रकार अधिक आढळतात, तर मागच्या भागाला गंज खातो.

गंज आतूनच लागतो

पाऊस कमी असलेल्या धाराशिव जिल्ह्यात (पूर्वीचे उस्मानाबाद) सायलेन्सर गंजतो कसा, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर नळीच्या आत आहे. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात नळी तापते आणि वाफ बाहेर निघून जाते. परंतु घर ते बाजार, बाजार ते शाळा अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत डबा पुरेसा तापतच नाही. वाफेचे पाणी होऊन ते डब्याच्या तळाशी साचते, त्यात धुरातील आम्लघटक मिसळतात आणि पत्रा आतून कुजू लागतो. बाहेरून धडधाकट दिसणारा डबा एके दिवशी अचानक फुटतो, तो यामुळेच.

बाहेरून त्यात रस्त्यांची भर पडते. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-बीड हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ आणि नळदुर्ग, उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा क्रमांक ६५ सोडून भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतील आतल्या रस्त्यांना लागले, की उंच गतिरोधक, रस्त्याच्या कडेच्या खचक्या आणि गळीत हंगामात उसाच्या वाहनांनी पाडलेली चाकोरी यांवर खालची नळी घासते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल सांध्यांत आणि क्लॅम्पभोवती बसतो. ही माती ओल धरून ठेवते व गंजाला आयते घर मिळते. टांगणीचे एखादे रबर तुटले, की साऱ्या नळीचा भार पुढच्या जोडावर येतो आणि तेथे तडा जातो. दहा-वीस रुपयांच्या रबराकडे दुर्लक्ष झाल्याने मॅनिफोल्डपर्यंतचे काम निघते, ते असे.

गळती ओळखावी कशी?

सकाळी इंजिन थंड असताना तपासणी करणे सोयीचे. इंजिन सुरू करताच पुढच्या बाजूने टकटक असा आवाज येत असेल आणि इंजिन तापल्यावर तो कमी होत असेल, तर मॅनिफोल्डचे पॅकिंग गेल्याची किंवा त्यास बारीक तडा गेल्याची शक्यता असते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, फट तात्पुरती मिटते आणि आवाज थांबतो. यावरून दोष गेला असा समज करून घेऊ नये. आसनांच्या खालून घुमणारा, एक्सिलरेटर दाबताच वाढणारा आवाज मधल्या नळीकडे बोट दाखवतो. मागून फटफटीसारखा आवाज येत असेल तर मुख्य डबा तपासावा.

गळतीच्या जागी काजळीचा काळा किंवा राखाडी डाग हमखास दिसतो. उघड्या जागेत, थंड इंजिन नुकतेच सुरू करून, जाड ओल्या कापडाने शेपटीचे तोंड काही सेकंद दाबून धरल्यास फुटक्या जागेतून फुसफुस ऐकू येते. नळी शाबूत असेल तर इंजिनाची गती मंदावते. हे काम दोघांनी करावे, हातमोजे घालावेत आणि नळी तापण्याच्या आत आटोपावे. गाडीखाली शिरायचे असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये. जॅक कधीही घसरू शकतो. गाडी घोडीवर टेकवून, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावूनच खाली जावे.

न दिसणारा, वास न येणारा वायू

धुराला वास असतो, पण त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट जोमाने जोडला जातो. परिणामी श्वास चालू असतानाही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, सुस्ती ही त्याची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखी किंवा गाडी लागल्यासारखी वाटतात. त्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. गाडीतील साऱ्यांचेच डोके एकदम दुखू लागले आणि खाली उतरून मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटले, तर ती धोक्याची सूचना मानावी.

प्रमाणाचा अंदाज आकड्यांवरून येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली घरातील हवेसाठी घालून दिलेल्या मार्गदर्शक मर्यादेनुसार तासाभराच्या सहवासासाठी हे प्रमाण दहा लाख भागांत साधारण ३० भागांपर्यंत असावे. भारत स्टेज-२ मानकांपूर्वीच्या पेट्रोल मोटारींना पीयूसी तपासणीत धुरामध्ये ३ टक्के, म्हणजे दहा लाखांत ३० हजार भाग कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे. म्हणजे नियमात बसणाऱ्या जुन्या गाडीचा धूरही या मर्यादेच्या हजारपट असू शकतो. त्यातला थोडासा अंशही बंद गाडीत झिरपला तर काय होईल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्ये एसी लावून झोपलेल्या दोघांचा मृत्यू झाला. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे त्या प्रकरणाच्या तपासात पुढे आले. तेथे यंत्र वेगळे होते, पण बंद जागा, चालू इंजिन आणि झोप हा मेळ तोच होता.

जुन्या मोटारींत हा वायू आत येण्याच्या वाटाही अधिक असतात. तळाचा पत्रा गंजून पडलेली छिद्रे, गिअरच्या दांड्याभोवतीचे फाटलेले रबर, मागच्या दाराची निकामी झालेली रबरी पट्टी, यांतून धूर आत ओढला जातो. मारुती ओम्नीसारख्या वाहनात तर इंजिनच पुढच्या आसनांखाली आहे. तेथे मॅनिफोल्डची किरकोळ गळतीही प्रवाशांच्या अगदी जवळ असते. एसी 'आतली हवा फिरवण्या'वर ठेवल्याने संरक्षण मिळत नाही, उलट आत शिरलेला वायू आतच राहतो.

वाटेत सायलेन्सर फुटला तर

गॅरेज गाठेपर्यंत काचा उघड्या ठेवाव्यात, मागचे दार किंवा डिकी घट्ट बंद ठेवावी आणि इंजिन चालू ठेवून एका जागी थांबू नये. डिकी उघडी ठेवून गाडी चालवल्यास मागची हवा आत ओढली जाते. नळी लोंबत असेल तर गाडी बाजूला घेऊन, नळी निवू द्यावी आणि मग ती लोखंडी तारेने बांधावी. सुतळी किंवा नायलॉनची दोरी उष्णतेने जळते.

बाजारात सायलेन्सरसाठीची खास पेस्ट आणि फायबरग्लासची उष्णतारोधक पट्टी मिळते. गंज लोखंडी ब्रशने खरवडून, थंड नळीवर पट्टी गुंडाळून वर क्लॅम्प आवळला, तर काही दिवस काम भागते. पाण्याच्या टाकीची गळती बंद करणारी साधी एपॉक्सी पुट्टी येथे टिकत नाही. जुन्या पद्धतीची ॲस्बेस्टॉसची दोरी कोणी देऊ केली तरी घेऊ नये, तिचे तंतू फुप्फुसाला घातक असतात. हे सारे उपाय गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतेच आहेत. मॅनिफोल्डजवळच्या गळतीवर मात्र तात्पुरत्या उपायाच्या भरवशावर कुटुंबाला घेऊन प्रवास करूच नये.

टाका कोठे चालतो?

निर्णय घेण्याची साधी कसोटी स्क्रूड्रायव्हरची आहे. भोकाच्या भोवतालचा पत्रा त्याच्या टोकाने जोर देऊन दाबून पाहावा. पत्रा टणक लागला आणि दोष एका जागेपुरताच असला, तर वेल्डिंग करून काम भागते. टोक आत रुतले किंवा पापुद्रे सुटले, तर टाका मारण्यासाठी तेथे धातूच उरलेला नाही, असे समजावे. अशा पत्र्यावर वेल्डिंग केल्यास एक भोक बुजवताना शेजारी दोन पडतात आणि महिन्याभरात पुन्हा तोच खर्च येतो.

दगड लागून पडलेला तडा, सुटलेला जोड, तुटलेली टांगणीची पट्टी ही कामे वेल्डिंगची. नळीचा पत्रा पातळ असतो. जाड लोखंडासाठी लावलेला आर्क वेल्डिंगचा करंट तो जाळून टाकतो. गॅस वेल्डिंग किंवा गॅरेजमध्ये ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात ती पद्धत येथे अधिक योग्य. शक्यतो नळी उतरवून मगच वेल्डिंग करावे, कारण पेट्रोलची टाकी आणि नळ्या जवळच असतात. गाडीवरच करणे भाग असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडावी, अन्यथा इंजिनाचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक संच बिघडू शकतो.

नळीचा तुकडा घालताना नळफिटिंगची जीआय पाईप वापरण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. ती टाळावी. तिच्यावरील जस्ताचा थर वेल्डिंगच्या आचेने जळतो. त्याचा पांढरा धूर वेल्डिंग करणाऱ्याच्या छातीत जातो आणि त्याला ताप व थंडी भरून येते. शिवाय ती जड असल्याने टांगणीच्या रबरांवर ताण येतो. मूळ नळीच्याच व्यासाची, ॲल्युमिनियमचा थर दिलेली किंवा स्टेनलेस स्टीलची नळी घ्यावी.

कोठे बदलणेच योग्य?

डबा तळाशी किंवा शिवणीवर कुजला असेल, आतले पडदे सुटून खुळखुळत असतील, किंवा एकाच नळीवर आधीचे दोन-तीन टाके असतील, तर तो भाग बदलावा. पॅकिंगला दुरुस्ती नसते. जोड उघडला की पॅकिंग नवेच घालावे. मॅनिफोल्डला तडा गेला असेल तर ओतीव लोखंडाचे वेल्डिंग हे विशेष कौशल्याचे काम आहे. ते साधले तरी पुन्हा तापताना तेथेच तडा जाण्याची भीती राहते.

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, टाटा इंडिका २०१८ मध्ये आणि ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. अशा गाड्यांचे सुटे भाग आपल्या गावात न मिळाल्यास सोलापूर, लातूर किंवा पुण्याच्या बाजारात शोधावे लागतात. तेथे जाण्यापूर्वी गाडीचे मॉडेल, वर्ष, इंधनाचा प्रकार लिहून घ्यावा. जमल्यास जुना भाग बरोबर न्यावा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक फ्लँजच्या छिद्रांचे अंतर बदललेले असते. भंगारातून काढलेला डबा स्वस्त पडतो, पण त्याचे आतले वय कळत नाही. वजनाला अधिक जड लागणाऱ्या डब्यात पाणी साचलेले असण्याची शक्यता असते.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा मोह

एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झाला आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा मुलामा दिलेली सिरॅमिकची जाळी त्यात असते. कार्बन मोनॉक्साइडचे तुलनेने निरुपद्रवी कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करणारा भाग हाच. या धातूंमुळे जुन्या कन्व्हर्टरलाही भंगारात चांगली किंमत येते. 'तो काढून सरळ नळी टाका, गाडी हलकी पळेल' असा सल्ला मिळाला तर तो ऐकू नये. गाडीचा धूर अनेक पटींनी विषारी होतो आणि पीयूसीही मिळत नाही. कन्व्हर्टर खरोखरच तुंबला असेल, आतली जाळी तुटून वाजत असेल, तर त्याच्या जागी तसाच कन्व्हर्टर घालावा.

बसवणीतील बारकावे

गंजलेल्या नट-बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. जोर लावून मॅनिफोल्डचा स्टड तुटला तर लहान काम मोठे होते. नवे भाग बसवताना सारे क्लॅम्प आधी सैल ठेवावेत, नळी तळापासून सर्वत्र सुटी आहे याची खात्री करावी आणि मग पुढून मागे एकेक जोड आवळत जावे. टांगणीची सारी रबरे एकाच वेळी बदलणे श्रेयस्कर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११३ नुसार धुराची नळी इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये. नवी नळी बसल्यावर हे अंतर आवर्जून मोजावे.

काम झाल्यावर इंजिन दहा-पंधरा मिनिटे उघड्या जागेत चालवून प्रत्येक जोड पुन्हा तपासावा. शे-दीडशे किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. नव्या नळीवरील तेलकट थर जळून सुरुवातीला थोडा धूर व वास येतो. तो दोन-तीन फेऱ्यांत थांबला नाही, तर गाडी परत न्यावी.

कायदा आणि पीयूसी

प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे नियम १२० नुसार बंधनकारक आहे. रस्ता सुरक्षा, ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) अन्वये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. एमएच-२५ क्रमांकाच्या जुन्या गाड्यांनाही या तपासणीतून जावे लागते. सायलेन्सरचे काम त्यापूर्वीच करून घेणे शहाणपणाचे.

पीयूसी प्रमाणपत्र म्हणजे सायलेन्सर शाबूत असल्याचा दाखला नव्हे. फुटक्या जागेतून बाहेरची हवा आत ओढली गेली, तर शेपटीशी मोजलेला धूर पातळ होतो आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. म्हणून दुरुस्ती आधी आणि पीयूसी नंतर, हा क्रम योग्य.

इतके तरी पाळावे

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपू नये. बंद गॅरेजमध्ये किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात इंजिन तापवत ठेवू नये. उन्हाळ्यात बालाघाटच्या माळावर वाळलेल्या गवतात गाडी उभी करू नये, तापलेल्या नळीने गवत पेट घेऊ शकते. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नवरात्राच्या प्रवासापूर्वी, गाडी रॅम्पवर चढवून नळी शेवटपर्यंत पाहून घ्यावी.

गाडीत कोणाला गुंगी आली किंवा शुद्ध हरपू लागली, तर प्रथम इंजिन बंद करून सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना 'गाडीच्या धुराचा त्रास' असे स्पष्ट सांगावे. करोनाच्या साथीपासून घरोघरी आलेला ऑक्सिमीटर येथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते आणि आकडा चांगला दिसत राहतो. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर येण्यास चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास तेच साधारण दीड तासाच्या आत घडते. त्यामुळे बरे वाटू लागले तरी रुग्णालय टाळू नये. मुले, गर्भवती, हृदयविकार आणि रक्तक्षय असणाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे.

जुनी मोटार नीट राखली तर आणखी कित्येक वर्षे साथ देते. तिचा रंग उडाला, आसने फाटली तरी प्रवास होतो. धुराची नळी मात्र शेवटपर्यंत अखंड हवी, कारण त्या नळीच्या एका बाजूला विष असते आणि दुसऱ्या बाजूला घरची माणसे बसलेली असतात.